झाकण लावण्याआधी

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

"वळणावर दोन्ही चाकांना सारखंच पळायला लावलं, की त्यातलं एक खोटं बोलायला लागतं."

बाबा हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या शेजारी गाडीखाली आडवी पडले होते. मागच्या डिफरन्शियलचं झाकण उघडलेलं होतं आणि ते काळं, कुजकट वासाचं तेल माझ्या वेणीवर ठिबकत होतं. बाबा अगदी शांतपणे सांगत होते, की वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा, आणि दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो तो हा डबा. मी नाक दाबून धरलं होतं. त्या दिवशी वास सोडून मला दुसरं काही कळलं नाही.

काल दादाचा नवा व्हिडिओ पाहिला आणि ते सगळं आठवलं. निळ्या गाडीला नवा, प्लेटांचा डिफरन्शियल बसवतानाचा. मागे कसलंतरी धडाधड संगीत. दादाच्या हातात काळे रबरी मोजे, कोपरापर्यंत एक डाग नाही. बारशाला बाळ दाखवावं तसा तो डबा कॅमेऱ्यापुढे धरतो, "आता एक चाक घसरलं तरी दुसरं गाडी ओढून नेणार," असं म्हणतो आणि डोळा मारतो. बाबांच्या गॅरेजात उभं राहून डोळा मारतो! शिसारी आली मला.

पण लिहायचं कारण ते नाही. शेवटी गाडी अंगणात सावकाश वळते, तेव्हा क्षणभर संगीत थांबतं आणि मागून चुक्-चुक्-चुक् असं ऐकू येतं. फरशीवर रबर ओरबाडल्यासारखं. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. वहिनी, प्लेटा तेलात भिजवल्या होत्या ना? की दादानं घाई करून कोरड्याच बसवल्या? आणि प्लेटा अडखळू नयेत म्हणून त्या तेलात घालायची ती वेगळी बाटली, ती घातली का? माझ्या टेबलावर कारखान्यातून विकलेले गिअर रोज तुटून परत येतात, आणि ते कशानं मेले हे मी सांगायचं, हीच माझी नोकरी. निम्मे घाईनं मेलेले असतात.

फोन करत नाही. तुमच्याकडे फोन म्हणजे चावडी. दादा स्पीकर लावतो आणि बोल्टाखालच्या चकतीवरून त्यानंच पाडलेल्या नावानं मधेच ओरडतो, "वायसर, अजून जिवंत का गं?" म्हणून हे पत्र गॅरेजला पाठवायच्या बेअरिंगच्या खोक्यात घालते आहे. खोकी तूच उघडतेस.

तुझी,
वायसर

•

२० फेब्रुवारी

चि. वायसर हिस,

बेअरिंगं पोचली, टोमणेही पोचले.

प्लेटा कोरड्या बसवल्या का, हे मला विचारतेस? मला? मामंजींनी मला हे काम शिकवलं तेव्हा तू हॉस्टेलात बसून पुस्तकातल्या गिअरना रंग देत होतीस. प्लेटा आदल्या दिवसापासून तेलात होत्या, माझ्या पिठाच्या जुन्या डब्यात. तो डबा आता स्वयंपाकघराचं तोंड बघणार नाही. क्राउनच्या, म्हणजे त्या मोठ्या गिअरच्या, दातांना पिवळा रंग लावला, फिरवला, छाप बघितली, पातळ पत्र्याची चकती बदलली, पुन्हा फिरवला. छाप दाताच्या बरोबर मधे, चिंचोक्याएवढी. मामंजी असते तर नुसतं "हं" म्हणाले असते, आणि त्यांचं "हं" म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तुझे बंधुराज सुरुवातीला डबा मिरवून पळाले ते मी झाकण लावून उठल्यावर उगवले. मग मोजे, मग कॅमेरा. आमच्याकडची रीतच आहे ती. मला त्याचं काही नाही बाई. घामेजलेली, केसांत ग्रीस गेलेली बाई बघायला कोण बसलंय?

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांचा दवाखाना टेकडीवर आहे. इतकी जोरकस गाडी निव्वळ हौसेनं घेतलेली मी पाहिलेली ही पहिलीच बाई. आत बसली की आधी केस मागे बांधते आणि मग किल्ली फिरवते. मला फार आवडलं ते. माझी डावी दाढ ठणकते आहे, त्यांच्याकडेच जाणार आहे.

त्या आवाजाचं म्हणशील, तर त्या फेरीच्या वेळी मी नव्हते. काम उरकून दोन दिवस आईकडे गेले होते, तिचे डोळे दाखवायला. व्हिडिओचा शेवट माझ्या माघारी काढला.

परत आले तर घरात काय वाढून ठेवलं होतं सांगू? यांचा सदरा. गिअरच्या तेलाचा वास मला का नवा आहे? लग्न झाल्यापासून उशाशी आहे तो. पण हा वेगळाच होता. तेल जळून कोळसा झालेलं, वर सडकं अंडं, वर तापलेलं लोखंड. सोडा घातला, लिंबू पिळलं. पाण्यावर तपकिरी तवंग आला आणि तो बादलीच्या कडेला चिकटून बसला. शेवटी सदरा काठीनं उचलून अंगणात फेकला. बोटांना वास अजून आहे. घास तोंडाशी नेला की परत ताटात टाकते. विचारलं तर म्हणाले, "जुना सायलेन्सर कापत होतो."

बाकी बरं. मामंजींची लाल गाडी यंदा हे घाटातल्या शर्यतीला नेणार आहेत, त्यामुळे स्वारी खुशीत असते. पण ती गाडी हल्ली वेग घेतला की बारीक सुरात रडते. यांना म्हटलं, तर म्हणतात, "शर्यतीच्या गाडीचा आवाज असाच असतो, तुला काय कळतंय?" मला काय कळणार!

तुझी,
वहिनी

•

१ मार्च

वहिनी,

सदऱ्याबद्दल लिहिलंस ते बरं झालं. मी कोरड्या प्लेटांना दोष देत बसले होते. आता वाटतं, त्या गाडीत प्लेटाच नसाव्यात.

तो वास सायलेन्सरचा नाही. वर्षानुवर्षं गिअरच्या तेलात मुरलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं की तो येतो. आमच्याकडे असा एक तुकडा आला होता, तर मी जेवणाचा डबा न उघडताच घरी आणला होता. जुन्या डिफरन्शियलमधले छोटे गिअर वितळवून एकमेकांना चिकटवले, की मागची दोन्ही चाकं कायमची जखडतात. वळणावरसुद्धा. तुझ्या प्लेटा चाकांना जरा आवरतात, गरज पडली की सोडतात. हे सोडतच नाही. मैदानात गाड्या घसरवणारे लोक करतात हे, स्वतःच्या जिवावर. पण दुसऱ्याच्या गाडीत ते कोंबायचं आणि वर नवा बसवला म्हणून डोळा मारायचा!

कोरड्या रस्त्यावर चाक नुसतं ओरबाडेल, ते मी ऐकलं. ओल्या वळणावर मागची बाजू सुटेल.

आणि लाल गाडी का रडते, तेही मला वाटतं कळलं. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, मागचा अ‍ॅक्सल सारखाच, म्हणजे निळीतला नवा डबा लालमध्ये बसतो. दादाला दातांमधली फट कधी जमवता आली नाही. बाबा छाप दाखवायला बोलवायचे तेव्हा तो झाकणाचे बोल्ट शोधत असायचा.

देव करो आणि मी चुकलेली असो. बघून घे. लाल गाडीचं मागचं एकच चाक जॅकवर उचल, गिअर मोकळा ठेव आणि ते हातानं फिरव. भिरभिर फिरलं, तर मी मूर्ख. ओल्या मातीतून फिरवल्यासारखं जड फिरलं, तर तुझा डबा तिथे आहे. मग निळीत काय आहे ते मी सांगायला नको.

वायसर

•

१४ मार्च

वायसर,

जड फिरलं.

मी चाक पुन्हा एकदा फिरवलं. माझ्याच हातांनी भिजवलेल्या प्लेटा, लगेच ओळखल्या. तुझा भाऊ समोर सीटवर फडकं मारत होता.

"निळीत काय आहे?" मी विचारलं.

"काय असायचं? डिफरन्शियल आहे."

"कुठला?"

"अगं, दुसरा मागवलाय. आला की बदलून टाकू, तिला कळणारसुद्धा नाही. शर्यत काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"मग तिचा जुना होता तसाच घालायचा होतात. तो चिकटवलात कशाला?"

त्यावर तो हसला. लहान मुलाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "काहीतरी बदललंय असं वाटायला हवं ना तिला!"

वायसर, मी इतकी वर्षं या माणसाच्या पानात वाढलं आहे. त्याचं खोटं मला पाठ आहे. पण त्या क्षणी मला त्याच्या दातांची किळस आली. हिरड्यांची, ओल्या जिभेची. मी उठून नळाखाली हात धरले आणि पाणी नुसतं सोडून दिलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच दुपारी माझी दाढ भरायची होती. जाताना ठरवून गेले, खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं. पण तिथे आधीच्या पेशंटला उशीर झालेला, त्या घाईत. "या या, बसा, तोंड मोठं करा. अजून. हां." दोन्ही गालांत कापूस, जिभेवर आरसा, लाळ ओढणारी नळी ओठाला टांगलेली. आणि मग त्या बोलायला लागल्या.

"काय काम केलंय हो तुमच्या गॅरेजनं! गाडी रस्त्याला चिकटून धावते. वळताना मागून जरा उड्या मारते, पण तुमचे मिस्टर म्हणाले, नवा माल आहे, बसेपर्यंत असंच."

मी "आँ" केलं.

"दुखतंय? दुखलं तर डावा हात वर करा हं."

माझा हात मोकळा होता, वायसर. मांडीवर होता. मी तो वर केला नाही.

त्या बोलतच होत्या. कारंज्याच्या वळणाला त्यांना कसं शर्यतीत असल्यासारखं वाटतं, मुलगा कसा घाबरतो आणि त्या कशा हसतात. नंतर कापूस काढला, म्हणाल्या, "चूळ भरा. मघाशी काही म्हणत होतात का?"

मी चूळ भरली. रक्ताची तार भांड्यात गोल फिरत खाली गेली, ती बघत राहिले. म्हटलं, "नाही."

खिडकीतून त्यांची गाडी दिसत होती. जिथून ती रोज वळून बाहेर पडते तिथे फरशीवर काळे ओरखडे उठलेत, एकावर एक. दाढ भरून आले आणि तोंड बंद करून आले.

दुसरा डबा येईल म्हणतो. आला की मी स्वतः बसवते. तोवर कुणाला काही होऊ नये एवढंच.

वहिनी

•

१९ मार्च

वहिनी,

शी.

दादाची किळस मला जुनी आहे. जुनी चप्पल आहे ती, आता चावत नाही. तुझी पहिल्यांदा आली आणि ती चावते आहे. "कुणाला काही होऊ नये एवढंच"! हे तू लिहिलंस? जिचं पिवळं बोट बाबा लोकांना दाखवायचे, "बघा, ही माझी सून, छाप बघितल्याशिवाय झाकण लावत नाही," तिनं?

डबा येईल, मग शर्यत संपेल, मग तो म्हणेल चालतंय ना, चालू दे. आपल्याला दोघींनाही माहीत आहे.

तिला सांग. टेकडीवरचा दवाखाना, दातांची डॉक्टर. नंबर शोधायला मला वेळ लागणार नाही. पण ज्या तोंडात तिनं हात घातला, त्याच तोंडानं तिला हे ऐकवायला हवं. रविवारपर्यंत वाट बघते. नंतर मी फोन करीन.

वायसर

•

२ एप्रिल

वायसर,

तू रविवारपर्यंत थांबलीस. मीही थांबले. ते शनिवारी झालं.

सकाळी पाण्याचा टँकर दुभाजकातल्या झाडांना पाणी घालत गेला होता. कारंज्याच्या वळणावर रस्ता ओला. गाडी मागून सुटली, स्वतःभोवती फिरली आणि बागेच्या भिंतीवर आडवी बसली. मुलगा बरोबर नव्हता. डॉक्टरीणबाईंचं मनगट मोडलं. उजवं. ज्या हातानं त्या काम करतात तो.

गाडी आली कुठे? आमच्याच दारात. क्रेनवाल्यानं उतरवली तेव्हा तुझा भाऊ तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बायकांना झेपत नाही तर घेतात कशाला?" क्रेनवाला हसला. मी ते हसू अजून कानातून काढते आहे.

क्रेन गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. विम्याचा माणूस गुरुवारी येणार होता. तो गाडी खालून उघडून बघणार. तुझा भाऊ दार लोटून घेऊन मला म्हणाला, "लालमधला काढ आणि निळीत घाल. तू केलंस की छाप बरोबर येते, कुणाला संशय येणार नाही. मला ते कधी जमलं नाही, तुला माहीत आहे." आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं, तेही कशासाठी बघ. मग स्वतः चहा करून आणला. लग्नानंतरचा त्याच्या हातचा पहिला चहा. वर साय तरंगत होती. मी तो जळक्या तेलाच्या डबड्यात ओतला.

"बरं," एवढंच म्हटलं. त्याला वाटलं, झालं काम.

बुधवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, गाडी उघडायच्या आधी तुम्ही इथे हव्यात. त्या रिक्षातून आल्या, हात गळ्यात बांधलेला, केस मोकळे. एका हातानं बांधता येत नाहीत ना. मी काही न बोलता गाडीखाली गेले, तेल सोडलं, झाकण काढलं. तो वास सगळ्या गॅरेजभर झाला.

त्यांनी टॉर्च मागितला. डाव्या हातात धरून खाली वाकल्या, अगदी तोंडात बघतात तशा. वितळून एकमेकांत घुसलेले गिअर, वर वेल्डिंगच्या गाठी, चघळून टाकल्यासारख्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे असं कुणी भरतं का?"

तेवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला. काय बोलावं त्यानं? "मॅडम, मागच्या अ‍ॅक्सलचं सगळं हीच बघते आमच्याकडे. मी त्यात नसतो."

मला राग आला नाही. पालीचा पाय पडलेला घास तोंडात आल्यावर माणूस चिडत नाही, थुंकतो. मी जमिनीवर थुंकले, त्याच्या बुटाजवळ. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"माझ्या खुर्चीत होतात तेव्हा?"

मी होकाराची मान हलवली.

त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. वास तेलाचा होता, पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

पुढचं पटकन सांगते. विम्याच्या माणसानं फोटो घेतले, तक्रार गेली. गाडी त्यांनी दुसऱ्या गॅरेजला हलवली. तुझा भाऊ मित्राकडे जाऊन राहिलाय. शटर खाली आहे. मी लालमधून माझा डबा काढला, धुतला आणि तेलात ठेवला. काय करायचं त्याचं ते माहीत नाही. दिवसातून चार वेळा आंघोळ करते. सांग, हे कशानं जातं?

वहिनी

•

९ एप्रिल

वहिनी,

त्या दवाखान्याचा नंबर माझ्याकडे सोमवारपासून होता. तुझं दाढेचं पत्र आलं त्याच दिवशी शोधला होता. पाटीवरचं नावही वाचलं होतं. रविवार उलटल्यावर लावला तेव्हा दवाखाना बंद होता. मी तुला रविवार दिला, कारण मला बरोबर ठरायचं होतं आणि तुला चूक ठरवायचं होतं. तिला तर मी पाहिलंही नव्हतं. माझ्यासाठी ती एक निळी गाडी होती. तेव्हा "शी" मला परत कर. ते माझंही आहे.

दादाचा फोन आला होता. रडला. "बाबांचं नाव गेलं," म्हणाला. मी विचारलं, तिच्या हाताचं काय? म्हणाला, "बरं होईल की ते, हाडच आहे." मी फोन ठेवला आणि हात धुतले. तू म्हणतेस तसं, नुसतं पाणी सोडून.

काल बाबांचं ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मला त्यातून आपल्या सगळ्यांसाठी काहीतरी मोठं काढावंसं वाटायला लागलं. मग थांबले. बाबा गाडीबद्दल बोलत होते, वहिनी. ते नेहमी गाडीबद्दलच बोलायचे. म्हणून तर त्यांचं खरं असायचं.

कशानं जातं म्हणून विचारतेस. मला माहीत नाही. पण मला लिहून जाणार नाही. मी घरचीच, मी तुला समजून घेईन आणि आपण दोघी एकमेकींना समजून घेत बसू. तिला लिही. माफी मागू नकोस. लोक माफी मागतात तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याच्या टॉवेलला स्वतःचे हात पुसतात. तुला जे येतं ते तिच्यापुढे ठेव. ती नाही म्हणेल, म्हणू दे. तो तिचा हक्क आहे.

तुझी,
वायसर

•

१५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

पाकिटावर गॅरेजचा पत्ता बघून तुम्ही हे उघडणार नाही असं वाटलं, म्हणून वर घरचा पत्ता लिहिला. ही एक लबाडी आधीच सांगून टाकते. आणखी नाही.

तुम्ही भरलेली दाढ छान आहे. हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण रोज चावताना तुमचं काम माझ्या दातांखाली येतं आणि घास तसाच राहतो. तुम्ही हात वर करायला सांगितला होतात. माझा हात मोकळा होता. मी तो वर केला नाही, याला माझ्याकडे कारण नाही. जी आहेत ती सांगायला लाज वाटते.

तुमच्या गाडीसाठी आणलेला नवा डिफरन्शियल माझ्याकडे आहे. मी तो एकदा नीट बसवला होता. माझ्या पाठीमागे काढला गेला आणि नंतर मला कळूनही मी गप्प बसले. तो तुमचा आहे. कोणाकडेही पाठवायला सांगाल तिथे मी स्वतः नेऊन देईन, आणि जो बसवेल त्याला लागेल ते सगळं सांगीन.

पण आधी एक विचारते. तो मला बसवू द्या.

आमच्या गॅरेजात नाही. तुमची गाडी आता जिथे आहे तिथे, तिथल्या माणसांच्या समोर, आणि तुमच्या. क्राउनच्या दातांना पिवळा रंग लावून मी ते फिरवीन आणि छाप तुम्हाला दाखवीन. ती दाताच्या मधोमध पडायला हवी, टोकाला नाही, मुळाशी नाही. तुम्हाला दात बघायला मी काय शिकवणार? तुमच्या मनाला पटेपर्यंत मी पुन्हा पुन्हा खोलीन, पुन्हा लावीन. मग रस्त्यावर पाणी ओतून पहिलं वळण मी घेईन. तुम्ही बाहेर उभ्या राहून नुसतं ऐका.

माझे सासरे सांगायचे, छाप बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही. माझं चुकलं ते नंतर, झाकण लागल्यावर, जेव्हा बघायला कुणी नव्हतं. म्हणून तुम्ही तिथे हव्यात.

तुम्ही नाही म्हणाल. तुमच्या जागी मी असते, तर हे पत्र चिमट्यानं उचलून टाकलं असतं. तुमच्या पट्टीतल्या हाताकडे बघून मला दुसरी कसली अपेक्षा ठेवायचा अधिकार नाही. तरी विचारते.

झाकण लावण्याआधी एकदा बघायला याल?